धुऱ्याजवळच्या चार ओळी

बुधवार उजाडला, पण देवराव ओसरीत आला नाही. एरवी शेतीशाळेचा बुधवार म्हणजे या माणसाचा सणाचा दिवस. शाळा सुनेची, पण रुबाब सासऱ्याचा. सातच्या ठोक्याला दाढी करून, पांढरा सदरा घालून तो ओसरीत खुर्ची टाकायचा, येणाऱ्याला "या बाप्पा, या" म्हणायचा आणि कुणी मिरचीतलं काही विचारलंच तर "थे आमच्या मास्तरीणबाईले विचारा" असं म्हणून मिशीत हसायचा. आज मात्र आठ वाजत आले तरी तो चुलीपाशी पाटावर बसून होता, आणि समोरच्या चहावर जाड साय धरली होती.

"पेऊन टाका न. पाणी होऊन राहिलं त्याचं," कौशल्या म्हणाली.

"पितो."

"पितो पितो म्हणता अर्धा घंटा झाला. पोटात दुखून राहिलं का?"

"नाई."

"मंग मनात दुखत असंल." कौशल्यानं तव्यावरची भाकर उलटली. नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "तुमचा थो निळा सदरा म्या तीन खेपा धुतला. तीन्ही खेपा साबण घासला. वास काही गेला नाई."

देवरावानं मान वर केली. बारा दिवस जे कुणालाच माहीत नाही असं तो समजत होता, ते या बाईनं दोरीवर वाळत घातलं होतं.

"तुले मालूम होतं?"

"चाळीस वर्सं तुमचे कपडे धुऊन राहिली मी. कपाशीवर फवारलं का तुरीवर, थे बी वासावरून सांगीन." तिनं भाकर टोपलीत टाकली. "आता सुनेले सांगून टाका. लोकाईच्या आधी सांगा."

"आज नाई. आज कसं सांगू?"

"आज नाई तर कधी? थे वाडीच्या मोटारीत बसल्यावर?"

त्यावर देवरावानं चहा एका दमात पिऊन टाकला.

झालं होतं ते असं. दीपमालानं, त्याच्या सुनेनं, ही शेतीशाळा सुरू केली त्याला दोन वर्षं होऊन तिसरं चालू होतं. दर पंधरा दिवसांनी बुधवारी आजूबाजूच्या गावांतले एकवीस शेतकरी, बाया धरून, देवरावाच्या वावरात जमायचे. तिथं फळा नव्हता की पुस्तक नव्हतं. एक एकर भिवापुरी मिरची हीच शाळा. ज्यानं त्यानं आपल्या हातानं शेण-गोमूत्राचं जीवामृत कालवायचं, निंबोळ्या कुटायच्या, झाडापाशी उकिडवं बसून भिंगातून पानाची खालची बाजू बघायची, आणि किडे मोजून मोठ्या कागदावर मांडायचे. एका बाजूला पीक खाणारे, दुसऱ्या बाजूला त्या खाणाऱ्यांना खाणारे. कागद भिंतीला टांगला की लोक स्वतःच भांडून ठरवायचे, आता फवारायचं की थांबायचं. दीपमाला फार बोलायची नाही. "माह्यावर विश्वास नका ठेवू, पानावर ठेवा," एवढंच तिचं म्हणणं.

तीन हंगाम तिनं घरच्यांकडून मागून घेतले होते. दुर्गेश, तिचा नवरा, नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर बुकिंग बघायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. तिथं त्यानं एक खोलीही बघून ठेवली होती. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी या एकवीसांतले बहुतेक जण आपापल्या वावरात थोडी जमीन या पद्धतीला द्यायला तयार झाले, तर दीपमाला इथंच राहणार. नाही झाले, तर लेकीला, उन्नतीला, घेऊन ती वाडीला जाणार. भांडणतंटा काही नव्हता. जेवता जेवता तिनं सासऱ्याला सांगितलं होतं, "मामाजी, माहं शिकवलेलं कोनी करतच नसंल, तर मी इथं कायले राहू? भाकरी तर वाडीले बी थापता येतात." आणि तिसऱ्या हंगामाचा निकालाचा बुधवार तो आजचा.

देवरावाला ती जायला नको होती. यात गुंतागुंत काहीच नव्हती. म्हाताऱ्याला गेल्या कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. या पोरीनं विचारलं. पूर्वी मिरचीत कोणतं गवत यायचं, कोणत्या नक्षत्रात रोपं लावायची, तुमच्या आजीनं बी कशात राखलं होतं. तो सांगायचा आणि ती वहीत लिहून घ्यायची. ती वही मिटून मोटारीत बसली, तर आपण पुन्हा नुसते खुर्चीवरचे म्हातारे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच त्यानं माती खाल्ली. गेल्या शाळेत त्याच्या वाट्याच्या अर्ध्या एकरातल्या काही झाडांवर कोकडा दिसला होता. पानं आकसून वर वळली होती. दीपमाला शांत होती. "दहा झाडं वळली म्हणून वावर जात नाई, मामाजी. थांबू, पाहू." ती दोन दिवस नागपूरला प्रशिक्षणाला गेली आणि इकडं देवरावाचे हात शिवशिवायला लागले. उभी हयात कोकडा दिसला की पंप पाठीवर घ्यायचा हेच केलेलं. शेवटी सकाळीच त्यानं गोठ्याच्या माळ्यावरची जुनी बाटली काढली, निळा सदरा चढवला आणि आपल्या बाजूची मिरची फवारून मोकळा झाला. चार दिवसांत पानं अशी साफ दिसायला लागली की त्याची छाती फुगली. पाचव्या दिवशी सुनेला फसवल्याचं टोचून ती फुगलेली छाती दुखायला लागली, आणि आजवर दुखतच होती. निकालाआधी झाडांना आपला हात लावायचा नाही असा दीपमालाचा नियम, म्हणून तिला काही कळलं नव्हतं.

नऊ वाजता माणसं आली. कुणी फटफटीवर, कुणी ऑटोत कोंबून. पुढं अंजनाबाई, साठीची, स्वतःचं दोन एकर स्वतः कसणारी आणि तोंडानं तिखट. मागून सुमंत. हा पस्तिशीचा गडी कळमेश्वरच्या कारखान्यात चार वर्षं काढून शेतीत परतला होता आणि तेव्हापासून कुणाच्याही शब्दावर चटकन विश्वास ठेवत नव्हता. सुमंत हो म्हणाला की अर्धे लोक हो म्हणायचे, हे दीपमालाला माहीत होतं. देवरावालाही.

"आज भाषण नाई," दीपमाला म्हणाली. पदर खोचलेला, हातात कागदाच्या गुंडाळ्या. "आज मोजणी. सात-सात जणाईचे तीन गट पाडा. एक गट मामाजींच्या बाजूनं, एक काकाजींच्या बाजूनं, अन् एक मधात, धुऱ्याजवळ. दहा-दहा झाडं. जे दिसंल थे लिहा. मले विचारू नका."

काकाजी म्हणजे चंद्रभान, देवरावाचा धाकटा भाऊ. अंगण एक, चुली दोन. वडिलांच्या माघारी वावराची वाटणी झाली तेव्हा मधून धुरा पडला. धुरा म्हणजे तो काय, दोन वावरांमधला हातभर मातीचा बांध. पण तीन वर्षांपूर्वी ऐन पोळ्याच्या दिवशी चंद्रभान चारचौघांत म्हणाला, की दादाच्या नांगरानं दरसाल बोट बोट करत धुरा कोरला. देवरावानं आईची शपथ घेतली. चंद्रभान म्हणाला, "आईले मधात आणू नको." तिथं जे बोलणं तुटलं ते तुटलंच. धुऱ्याजवळ जो दिसेल तो कोरायलाच गेला असं दुसरा म्हणणार, म्हणून दोघंही आपापल्या बाजूच्या शेवटच्या दोन ओळींत पाय टाकीनासे झाले. तिथलं निंदण, पाणी, सगळं बायांच्या हातचं. शाळेच्या एकरातला अर्धा एकर पल्याडचा होता, आणि तोही चंद्रभाननं दिला नव्हता. त्याच्या बायकोनं, जयवंतानं, सुनेला शब्द देऊन टाकला होता. चंद्रभान नुसता कुरकुरत राहिला होता, "द्या द्या, माही मिरची बी मारून टाका."

आता तोच चंद्रभान आपल्या बाजूच्या बाभळीखाली उभा होता आणि सकाळच्या गारव्यात दुपट्ट्यानं कपाळ पुसत होता. देवरावाला ते दिसलं, पण दुसऱ्याच्या घामाचा विचार करायला त्याला आज सवड नव्हती.

तास-दीड तास गेला. वावरात उकिडवी बसलेली माणसं, मधूनच कुणाची हाक, "भिंग इकडं दे गा." देवराव खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. कौशल्या पाणी घेऊन आली आणि जाताना हळूच म्हणाली, "अजून बी टाइम आहे."

टाइम संपला. तिन्ही गटांनी गोठ्याच्या भिंतीवर कागद टांगले आणि माणसं त्यांच्यापुढं गोळा झाली.

गेल्या खेपेपर्यंत हे तिन्ही कागद भावंडांसारखे दिसायचे. आज देवरावाच्या बाजूच्या कागदावर झाड सुरेख काढलं होतं, पानं सरळ, पण मित्रकिड्यांची बाजू कोरी. एक ढालकिडा नाही, क्रायसोपाचं एक अंडं नाही. उलट पानांच्या खाली बारीक लाल कोळीकीड, मोजता न येण्याइतकी. चंद्रभानच्या बाजूचं झाड काळंशार हिरवं, पानं तळव्याएवढी, फुलं मात्र तुरळक आणि शेंड्यावर माव्याची गर्दी. धुऱ्याजवळचा कागद मात्र गेल्या खेपेसारखाच होता. जरा पुढं सरकलेला, एवढंच.

"वैनी, राग नका मानू," सुमंत म्हणाला. "पण एक विचारतो. हे एक वावर आहे का तीन?"

दीपमाला उत्तर न देता वावरात शिरली. देवरावाच्या बाजूचं एक पान तिनं उलटवलं, दुसरं उलटवलं. मग पल्याड जाऊन बुडाची माती बोटांनी उकरली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"इकडं फवारलं कोनीतरी," ती म्हणाली. "अन् तिकडं युरिया पडला."

"कोनीतरी?" सुमंत हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "वावर तुमचं, शाळा तुमची, चावी तुमच्या घरात. आमाले निंबोळ्या कुटाले लावता अन् मागच्या दारानं दुकानातली बाटली आणता. मंग आमी सिधे दुकानातच जातो न. शाळा कायले पायजे?"

"मी नाई फवारलं."

"मंग कोनं फवारलं? भुतानं?"

दोघं-तिघं हसले. बाकीचे पायाकडे बघायला लागले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. तीन हंगाम पानावर विश्वास ठेवा म्हणून सांगणारी पोरगी, आणि आज पानंच तिच्या विरुद्ध साक्ष देत होती.

देवराव खुर्चीतून उठला. आपण उठलो हे त्याला उठल्यावर कळलं.

"थे भूत मीच आहो, सुमंत."

सगळ्या माना वळल्या.

"म्या फवारलं. ते नागपूरले गेली तवा. तिले यातलं काई म्हणजे काई माहीत नाई." एकदा तोंड उघडल्यावर बोलणं आपोआप बाहेर पडायला लागलं. "कोकडा दिसला अन् मले धीर धरवला नाई. तुमी सगळे येऊन पाहाल, वळलेली पानं पाहाल, नाई म्हणाल, अन् हे वाडीले निघून जाईल. मले वाटलं, वावर साफ दिसलं म्हणजे तुमी हो म्हणाल. चोरी म्या केली. गाली द्यायची असंल तर मले द्या. हिले एक शब्द बोलायचा नाई."

शेवटचं वाक्य त्यानं जरा ओरडूनच म्हटलं. मग तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. दीपमाला त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत काय होतं ते बघायची त्याची हिंमत झाली नाही. पण इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं, आणि इतक्या लोकांसमोर मान खाली घालून उभं असतानाही त्याला पोटभर श्वास घेता येत होता. शरम वाटत होती, आणि बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटतं हे त्याला या वयात कळलं.

बाभळीखालून खाकरल्याचा आवाज आला.

"जयवंता," चंद्रभान बायकोकडे बघत म्हणाला, "त्याईले सांग, युरिया म्या फेकला."

"मी कायले सांगू?" जयवंता म्हणाली. "सगळे ऐकूनच राहिले."

"तरी सांग."

"बाप्पा! मी म्हणतो, बॅग अर्धी कशी झाली!" तिनं कपाळाला हात लावला. "काहून फेकला पण तुमी?"

"काहून म्हणजे?" चंद्रभान आता बायकोलाच रागावला. "त्याईच्या बाजूची मिरची चार दिवसात चकाचक. माह्या बाजूची आपली पिवळट. लोक काय म्हणतील? चंद्रभाननं मुद्दाम खराब केली म्हणतील! सुनेची शाळा यानंच बुडवली म्हणतील! मी बोलतो वाकडं, थे खरं आहे. पण ते पोरगी वाडीले जावं असं मले बी वाटत नाई न. रोज सकाळी काकाजी चहा घेता का म्हणून तेच विचारते. तू कवा विचारतं?"

मग अंजनाबाई हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड, मग जमिनीवर बसून. तिचं हसणं बघून बाया हसल्या, बायांचं बघून पुरुष. सुमंतसुद्धा तोंड फिरवून हसला. हसली नाही ती एकटी दीपमाला.

"थांबा, थांबा," अंजनाबाई डोळे पुसत म्हणाली. "एका बुढ्यानं इकडून फवारलं, दुसऱ्यानं तिकडून खत फेकलं. अन् मधात? धुऱ्याजवळच्या ओळींत कोनं काय केलं?"

"तिकडं मी जात नाई," देवराव आणि चंद्रभान एकाच वेळी म्हणाले.

"काहून?"

उत्तर कौशल्यानं दिलं. "तीन वर्सं झाली. धुऱ्यापासून दोन-दोन ओळी दोघं बी सोडतात. दुसऱ्यानं कोरला म्हणू नये म्हणून."

दीपमालाच्या हातातली कागदाची गुंडाळी खाली पडली. ती तशीच वळली आणि जवळजवळ धावत धुऱ्याकडे गेली. तिच्यामागं सुमंत, सुमंतमागं सगळी शाळा.

चारच ओळी. दोन अल्याडच्या, दोन पल्याडच्या, मधे तो हातभर बांध. देखणं असं काही नव्हतं त्या झाडांत. पानांवर धूळ, दहातल्या दोन झाडांची शेंड्याची पानं अजून वळलेली. पण फुलोरा भरलेला होता, आणि वळलेल्या पानांच्या खालूनच नवी पानं सरळ फुटली होती. सुमंत गुडघ्यावर बसला. भिंग त्यानं दुसऱ्याच्या हातातून हिसकावूनच घेतलं. एक झाड पाहिलं, दुसरं, पाचवं. त्याच्या गटानं आधी मोजलेलं होतं ते त्यानं पुन्हा मोजलं. एका पानाखाली, केसाच्या टोकावर ठेवल्यासारखी, क्रायसोपाची पांढरी बारीक अंडी होती. ती त्यानं बराच वेळ बघितली.

"इथं काय काय टाकलं, वैनी?"

"जे तुमच्या हातानं टाकलं थेच. निंबोळी अर्क दोनदा. दशपर्णीचा अर्क एकदा. पाण्यासोबत जीवामृत. गेल्या महिन्यात तुमीच ढवळलं होतं न, नाकाले रुमाल बांधून?"

"अन् त्या तिकडं," सुमंतनं देवरावाच्या बाजूकडे मान केली, "बारा दिवसाआधी फवारलं, अन् आता लाल कोळी."

"हो. कोळीले खाणारे मेले, कोळी राहिली. आता तिच्यासाठी वेगळी बाटली आणा. मंग तिच्यानंतर आणखी वेगळी." दीपमालाचा आवाज आता परत आला होता. "हे मी तुमाले तीन वर्सं सांगून राहिली. दाखवू शकत नव्हती. जाणूनबुजून अर्धं वावर खराब कराले माह्याजवळ वावर होतं कुठं?"

"आमी दोघाईनं करून देल्लं न," चंद्रभान मागून पुटपुटला, आणि जयवंतानं त्याला कोपरानं ढोसलं.

सुमंत उठला. गुडघ्याची माती झटकली. हा माणूस काय म्हणतो याकडे वीस जोडी डोळे लागले होते, आणि एकविसावी जोडी देवरावाची. त्याला वाटलं, आता नाही म्हणाला तर आपण इथंच धुऱ्यावर बसून राहू.

"मी अर्धा एकर ठेवतो," सुमंत म्हणाला. "जास्त नाई. अर्धाच. अन् वैनी, भूत म्हटलं थे मागं घेतो."

"घेऊ नको," अंजनाबाई म्हणाली. "थे खरंच निघालं. मी एक एकर ठेवतो. पण माही अट आहे बाप्पा. या दोन बुढ्याईच्या हातात पुढच्या साली पंप दिसला, तर मी माह्या एकरात युरियाच युरिया फेकीन."

असे हात वर होत गेले. कुणी अर्धा एकर, कुणी दहा गुंठे, एकानं तर "घरामागची वाडी चालंल का?" असं विचारलं. चौघं म्हणाले, घरी विचारून सांगू. एकवीसपैकी सतरा. दीपमालानं मोजले, पुन्हा मोजले, आणि मग पदरानं तोंड पुसलं. घाम होता की आणखी काही, ते देवरावानं विचारलं नाही. त्याला स्वतःलाच डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं.

दुपारी गोळाभात, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला भात, झाला. अंगणात दोन पंगती बसल्या आणि गर्दीत कुणी बघितलं नाही, पण देवराव आणि चंद्रभान एकाच पंगतीत आले, मधे फक्त सुमंत. चंद्रभाननं भातावर फोडणीचं तेल घेतलं, कालवलं आणि मान वर न करता म्हणाला, "दादा, मीठ सरकव."

देवरावानं सरकवलं. "युरिया कायले फेकला गा येड्या," तो म्हणाला. "मिरची फुलत नाई त्यानं."

"अन् तू काय अमृत शिंपडलं?"

सुमंत मधे बसून गुपचूप जेवत राहिला. आपण उठून जावं की बसावं, त्याला कळत नव्हतं.

माणसं गेली. ऊन कलायला लागलं तेव्हा दीपमाला गोठ्याच्या आडोशाला जीवामृताचा ड्रम घासत होती. सकाळपासून ती सासऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. पाण्याचा तांब्या दिला तोही मधे ठेवून. देवराव दोनदा तिथवर गेला आणि दोनदा परत आला. तिसऱ्या खेपेला कौशल्यानं त्याच्या पाठीत बोट टोचलं.

तो ड्रमपाशी जाऊन उभा राहिला.

"दुर्गेशले फोन केला?"

"केला."

"सांगितलं?"

"सगळं सांगितलं. हसून हसून बेजार झाले."

"हसायचंच काम आहे थे," देवराव म्हणाला. "माहं चुकलं, माय. तुले न विचारता केलं थे चुकलं, अन् बारा दिवस लपवलं थे त्याहून चुकलं."

दीपमाला ड्रम घासत राहिली.

"अन् ते... वाडीची खोली?"

तिनं हातातली नारळाची शेंडी खाली टाकली. ओले हात कमरेला लावून ती उभी राहिली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे नीट बघितलं.

"मामाजी, मले राग आला आहे. लहानसहान नाई, लय मोठा. तुमच्यावर अन् काकाजींवर, दोघाईवर. थो काई दोन-चार दिवसात जात नाई. पेरणीपर्यंत पुरंल मले." तिनं श्वास घेतला. "आता तुमीच सांगा. मी वाडीले जाऊन बसली, तर तिथं कोनावर रागावू?"

देवराव वळला आणि अडुसष्ट वर्षांच्या माणसाला शोभणार नाही इतक्या लगबगीनं अंगण ओलांडून घरात शिरला. चुलीपाशी कौशल्या उरलेला भात काढून ठेवत होती.

"कौशल्या! ऐकलं का वं?" पेढे वाटायला निघालेल्या माणसाच्या आवाजात तो म्हणाला. "सून रागावली आपल्यावर!"